पऱ्हाटी कचरा नाही, मामांचा माल आहे

मागच्या आठवड्यात मामांचा फोन आला. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. कापूस-तुरीची चार एकर कोरडवाहू जमीन अजून स्वतः बघतात.

"भाचेबुवा, व्हॉट्सॲपवर आलंय, पऱ्हाटीपासून पेट्रोल होतंय म्हणे. यीस्ट का काय ते घालून. गावात एक जण येऊन नावं लिहून घेऊ लागलाय. हजार रुपये सभासद फी. देऊ का?"

मी म्हणालो, "मामा, आठ दिवस थांबा. चौकशी करतो."

ते हसले. "बरं. मागच्या टायमाला चौकशी न करताच छापलं होतंस."

हा टोला कशाबद्दल होता ते आधी सांगतो.

२००५-०६ची गोष्ट. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच जिल्हा दैनिकाचा तालुका प्रतिनिधी झालो होतो. तेव्हा मोगली एरंडाचं वारं होतं. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये बायोडिझेलसाठी राष्ट्रीय मिशनची शिफारस केली होती. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं स्वप्न होतं. पडीक जमीन, पाणी लागत नाही, जनावर तोंड लावत नाही, बिया विकून पैसाच पैसा. मी एका कार्यशाळेला गेलो, जेवलो, हातात दिलेली माहितीपत्रिका घेतली आणि बातमी लिहिली. चार कॉलम. मथळा माझाच होता : 'आता शेतात पिकणार डिझेल'.

मामांनी भाच्याचं नाव पेपरात वाचून दोन एकरांत मोगली एरंड लावला. रोपं विकत आणून. पाच वर्षं सांभाळला. बी किती आलं? चार पोती. घ्यायला कोण आलं? कुणीच नाही. शेवटी जेसीबी लावून मुळं काढली, त्याचे पैसे वेगळे गेले. पुढे दहा वर्षं प्रत्येक लग्नात, तेराव्याला, चारचौघांत मामा मला विचारायचे, "भाचेबुवा, तुमचा डिझेलचा पंप कवा चालू होणार?"

लोक हसायचे. मीही हसायचो. पण दोन एकर गुणिले पाच वर्षं हा हिशेब माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून या वेळी आठ दिवस वाचलं, माहितगारांना फोन लावले, आणि आता लिहितोय. पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

पहिला प्रश्न : हे खरं आहे का?

हो, खरं आहे. थाप नाही.

यीस्ट आपल्याला नवं नाही. पाव फुगवतं ते यीस्ट, ताडी चढवतं ते यीस्ट. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीचं अल्कोहोल करतं तेही यीस्टच. हा एका पेशीचा जीव साखर खातो आणि अल्कोहोल सोडतो.

पऱ्हाटीतही साखर असते, पण ती कुलूपबंद असते. काडीचे ढोबळ तीन भाग धरा. पहिला सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. दुसरा हेमिसेल्युलोज, त्यात झायलोज नावाची वेगळी साखर जास्त. तिसरा लिग्निन, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा चिवट डिंक. त्यापासून अल्कोहोल होत नाही, तो जाळायच्या कामाचा.

आधी काडी बारीक करून आम्ल आणि वाफेने शिजवायची. मग एन्झाइम म्हणजे विकरं टाकून साखळ्या तोडायच्या. ही विकरं ज्या बुरशीपासून मिळतात तिचं नाव ऐकून मला गंमत वाटली. ट्रायकोडर्मा! आपण तुरीच्या-हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला चोळतो, त्याच्या कुळातली. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले. ते का कुजतात हे शोधताना ही बुरशी सापडली. कापूस खाणारी बुरशी, आणि आज आपण तिच्याकडे पऱ्हाटीचं काम मागतोय.

इथपर्यंत जमलं की साखर सुटी होते. खरी अडचण पुढे आहे. नेहमीचं यीस्ट ग्लुकोज आवडीने खातं, पण झायलोजला तोंड लावत नाही. आणि काडीतल्या एकूण साखरेत झायलोजचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे तीन पोती माल गिरणीत नेला आणि एक पोतं तसंच परत आलं. धंदा बुडवायला एवढं पुरेसं आहे.

इथे यीस्टमध्ये जनुकीय बदल करायची गरज पडली. अमेरिकेत इंडियानामधल्या पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो या शास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये दुसऱ्या जातीच्या यीस्टची जनुकं नेहमीच्या यीस्टमध्ये बसवली आणि त्याला झायलोज खायला शिकवलं. त्याबद्दल राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या काळात त्यांना तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक मिळालं. नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी दुसरी वाट काढली. भारतीय हत्तीच्या लिदेत एक बुरशी राहते. हत्ती झाडपाला खातो तो तिच्यासारख्यांच्या जिवावर पचवतो. तिचं एक जनुक त्यांनी २००३च्या सुमारास यीस्टमध्ये घातलं.

आणखी एक भानगड होती. काडी शिजवताना साखरेबरोबर फरफ्युरलसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. त्यात यीस्ट गुदमरतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी यीस्टमध्ये बदल करून या विषाचं कमी घातक द्रव्यात रूपांतर करायची त्याची ताकद वाढवली. म्हणजे काडीच्या कडवट रसातही यीस्ट तग धरू लागलं.

आपल्याकडेही काम झालंय. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, जैवऊर्जेचं केंद्र आहे. तिथल्या तंत्रज्ञानावर २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला रोज १० टन काडी घेणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. पुण्याच्या प्राज कंपनीने २०१७ मध्ये दौंड तालुक्यात प्रात्यक्षिक प्रकल्प केला. त्याच कंपनीच्या तंत्रज्ञानावर पानिपतला इंडियन ऑइलचा मोठा कारखाना झाला. १० ऑगस्ट २०२२ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला २ लाख टन भाताचा पेंढा घ्यायचा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल काढायचं, अशी योजना.

तर मामा, व्हॉट्सॲपवर आलेलं विज्ञान खोटं नाही. खोटेपणा विज्ञानात नसतो, पुढच्या वाक्यात असतो. 'म्हणून हजार रुपये भरा', या वाक्यात.

दुसरा प्रश्न : मग घोडं अडलं कुठं?

ज्यांच्याकडे पैसा होता, यंत्रं होती, शास्त्रज्ञ होते, त्यांचेही कारखाने बंद पडलेत. इटलीत क्रेसेंतिनोला २०१३ मध्ये मोठा कारखाना सुरू झाला, २०१७ मध्ये बंद. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँटने २०१५ मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉल करायचा कारखाना थाटामाटात उघडला, दोन वर्षांत गुंडाळला. त्याच राज्यातला आणखी एक २०१४ मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये थांबवला. रोमानियात क्लॅरियंट कंपनीचा २०२२ मध्ये चालू झालेला कारखाना पुढच्याच वर्षी बंद करायचं ठरलं.

कारणं वाचली तर शेतकऱ्याला हसू येईल. गठ्ठ्यांतून माती-खडे येतात आणि यंत्रं झिजतात. काडी हलकी, ट्रॉली भरलेली दिसते पण वजन भरत नाही. हंगाम दोन-तीन महिन्यांचा आणि कारखान्याला माल बारा महिने पाहिजे. साठवली तर भिजते, नाहीतर पेटते. हे आपल्या गावातल्या कोणत्याही सालगड्याने फुकटात सांगितलं असतं. यीस्टला झायलोज खायला शिकवलं, पण काडी शेतातून फाटकापर्यंत कोण आणणार आणि काय भावाने, हे गणित कच्चं राहिलं. तेल स्वस्त झालं की ते आणखी कोलमडतं.

ब्राझीलमध्ये उसाच्या चिपाडापासून इथेनॉल करणारा कारखाना टिकून आहे. तिथे चिपाड आधीच कारखान्याच्या अंगणात पडलेलं असतं, गोळा करायला जावं लागत नाही. टिकण्यामागे तेही मोठं कारण आहे.

तिसरा प्रश्न : मग हा नाद सोडून द्यायचा?

नाही. इथे माझं मत वेगळं आहे, आणि ते सांगायलाच ही पोस्ट.

आज पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळतात. मायलेजवरून भांडणं चालू आहेत, ती बाजूला ठेवू. हे इथेनॉल येतं कुठून? ऊस, मका आणि तांदूळ. २०२४-२५ साठी अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलला देऊ केला गेला. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव मिळाला, मका डिस्टिलऱ्यांकडे वळला. मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाने २०२४ मध्ये मका आयात केला आणि कोंबडीखाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडले. ७ डिसेंबर २०२३ला तर ऐन गाळपात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी आली. कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्या कारखान्यांची झोप उडाली. आठवड्याभरात आदेश थोडा सैल केला, पण धडा मिळाला. खायच्या वस्तूपासून इंधन केलं की पाऊस कमी झाला रे झाला, पहिला गळा इंधनाचा धरला जातो.

आणि पाण्याचं काय? मराठवाड्यात टँकर लागतात आणि शेजारी ऊस उभा असतो. पऱ्हाटीला वेगळं पाणी लागत नाही. कापूस घेतलाय, ती आलीच आहे. म्हणून काडीपासून इंधन हा रस्ता बरोबर आहे. पण काडी म्हणजे सगळी काडी नव्हे, आणि इथेच दिल्ली-मुंबईतली माणसं गफलत करतात.

त्यांच्या अहवालात एकच शब्द असतो : कृषी कचरा. आपल्या गावात कचरा नावाचं पीक नाही. ज्वारीचा कडबा म्हणजे बैलाचा घास, त्याला हात लावायचा नाही. सोयाबीनचं कुटार अर्धं जनावरांच्या पोटात जातं. उरलेलं रानात गेलं पाहिजे, कारण आपल्या बऱ्याच जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्यावर आलाय. सगळं उचलून टाकीत घातलं तर उद्या जमीन नुसती मुरूम. उसाचं पाचट तर रानातच कुजवा म्हणून कृषी विभाग वीस वर्षं कानीकपाळी ओरडतोय.

पऱ्हाटीचं तसं नाही. वाळली की जनावर तिला तोंड लावत नाही. न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते, म्हणून पऱ्हाटी रानात उभी ठेवू नका, बांधावर ढीग घालू नका, असं विद्यापीठंच सांगतात. २०१७ला त्या अळीने काय केलं ते विसरलात का? म्हणजे जी काडी वेळेत रानाबाहेर काढायलाच पाहिजे अशी ही एक काडी आहे. सोबत तुराट्या. कापसाच्या एका एकरात ढोबळमानाने टनभर पऱ्हाटी निघते. आज आपण ती पेटवतो, नाहीतर रोटाव्हेटर घालतो. भाताच्या पेंढ्यापेक्षा ती जास्त लाकडी आहे, शिजवायला अवघड आहे, हे खरं. पण माटुंग्यातच कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिने पऱ्हाटीवर वर्षानुवर्षं काम केलंय. जैवऊर्जेचं केंद्रही माटुंग्यातच. दोघांनी मिळून मराठवाडा-विदर्भाच्या पऱ्हाटीसाठी यीस्टपासून गोळा करण्यापर्यंतचं सगळं बसवून द्यावं. पंजाब-हरियाणाचा पेंढा दिल्लीच्या धुरामुळे बातमीत आला. आमचा धूर दिल्लीपर्यंत जात नाही म्हणून आमची पऱ्हाटी कुणाच्या यादीत नाही.

आता हिशेब

पानिपतचा आकडा घ्या. २ लाख टनांत ३ कोटी लिटर म्हणजे टनाला १५० लिटर. पऱ्हाटीचा उतारा याहून कमी पडेल, १०० लिटर धरा. लिटरला ६० रुपये धरले तरी टनाला ६ हजारांचं इथेनॉल. त्यातून वाहतूक, विकरं, वाफ, व्याज, सगळं वजा जाणार हे मान्य. पण मामांच्या वाट्याला काय येणार, हा प्रश्न विचारायला हा आकडा पुरतो. आणि या उताऱ्याचा साधारण तिसरा हिस्सा झायलोज खाणाऱ्या यीस्टवर अवलंबून आहे, म्हणून प्रयोगशाळेतली ती बारीक गोष्ट मामांच्या खिशाशी जोडलेली आहे.

२०१९ मध्ये केंद्राने जी-वन योजना आणली, १९६९ कोटी ५० लाखांची. एका व्यापारी प्रकल्पाला १५० कोटींपर्यंत मदत. चांगलं आहे, द्या. पण उपटून, तोडून, बांधावर आणणाऱ्याला टनाला किती, याचा हमीभाव कुठे आहे? उसाला एफआरपी आहे, चौदा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. तो पाळून घ्यायलाही मोर्चे काढावे लागतात. मग जिथे नियमच नाही तिथे काय होईल?

अजून एक गोष्ट अहवालात सापडणार नाही. आमच्या गावात शेत नसलेल्या बाया जानेवारी-फेब्रुवारीत शेतकऱ्याला विचारून पऱ्हाटीचे भारे नेतात. वर्षाचं जळण. सिलिंडर घरात आहे, पण भरायला पैसे नाहीत, म्हणून चूल चालू आहे. उद्या पऱ्हाटीला भाव आला की त्यांना 'हात लावू नको' म्हणणार. त्या कुणाच्या सभासद यादीत नाहीत. पऱ्हाटी उपटायचं कामही बहुतेक त्याच करतात. तेव्हा भाव ठरेल त्यात उपटणाऱ्याची मजुरी आधी धरा, मग बाकीचं.

आणि यीस्ट कुणाचं? विरजण एकदा लावलं की शेजारणीलाही वाटीभर देता येतं. यीस्टही स्वतःहून वाढतं. पण जनुकं बदललेलं यीस्ट पेटंटमध्ये अडकलेलं असतं, परवान्याने मिळतं. बियाण्याच्या बाबतीत बीटी कापसानंतर आपण काय अनुभवलं ते सांगायला नको. यीस्ट बंद टाकीत राहतं, त्यामुळे मला त्याची भीती वाटत नाही. मला काळजी आहे ती चावी कुणाच्या हातात राहणार याची. सरकारी पैशातून इथल्या संस्थेत तयार झालेलं यीस्ट इथल्या सहकारी डिस्टिलरीला परवडणाऱ्या दरात मिळालं पाहिजे. डिस्टिलऱ्या उभ्या आहेत, टाक्या आहेत, गाळप संपलं की बऱ्याच जणी बसून असतात. नवा कारखाना नऊशे कोटींत बांधण्याआधी, त्यांच्या शेजारी काडी शिजवायची सोय करून जोडता येतं का, हे तरी तपासा.

मामांना उत्तर

मामा, त्या माणसाला हजार रुपये देऊ नका. त्याला पाच प्रश्न विचारा.

१. पऱ्हाटीचा टनाला भाव किती, आणि तो लेखी करारात आहे का?
२. उपटणं, तुकडे करणं आणि वाहतूक कुणाच्या खर्चाने?
३. पैसे किती दिवसांत?
४. कारखाना कुठे आहे? जागा, कर्ज, परवानगी यातलं काय झालंय? मला तिथे उभं राहून दाखवता का?
५. तुम्ही माल विकत घेणार, मग सभासद फी मी का भरायची?

पाचव्या प्रश्नाला तो उठून जाईल असा माझा अंदाज आहे.

पण मामा, पऱ्हाटी पेटवूही नका. डिसेंबर-जानेवारीत काढा, यंत्र मिळालं तर बारीक करून रानात मिसळा. शेजारची बाई भारा मागायला आली तर द्या. ज्या दिवशी कुणी खरा भाव घेऊन येईल त्या दिवशी वजनकाट्यावर उभं राहून विका. तोपर्यंत तिला कचरा म्हणू देऊ नका, कुणालाच. कचरा म्हटलं की फुकट मागायला सोपं जातं.

आणि तालुक्यातल्या माझ्या पत्रकार मित्रांनो, जाहिरातीचा मजकूर बातमी म्हणून माझ्याकडेही आला होता. मी परत पाठवला. तुमच्याकडे आला तर छापण्याआधी घरातल्या एखाद्या मामाला विचारा. उद्घाटनाला आपण सगळे जातो, फोटो काढतो, जेवतो. दोन वर्षांनी तोच कारखाना किती दिवस चालला, शेतकऱ्याला किती मिळाले, हे बघायला कोण जातं? मी गेलो नव्हतो. त्याची किंमत मामांच्या दोन एकरांनी मोजली.

काल रात्री हे सगळं मामांना फोनवर वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "या टायमाला बरं लिहिलंस. पण मथळा नको मोठा देऊ."

तुमच्या गावात असं कुणी नावं लिहून घेत फिरतंय का? कोणत्या तालुक्यात, किती फी, काय सांगून, ते खाली लिहा. ज्यांनी पऱ्हाटी खरोखर विकली आहे त्यांनी मिळालेला भावही लिहा. सगळी माहिती एकत्र करून कृषी अधिकाऱ्यांकडे घेऊन जातो आणि ते काय म्हणाले तेही इथेच टाकतो.